पाऊस कुठल्या तारखेचा?

गच्चीवरच्या पावसाची पहिली नोंद मी डेटाबेसला पाठवली, तेव्हा पडद्यावर काहीच उमटलं नाही. ‘मिळालं’ नाही, ‘चुकलं’ नाही. कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकत बसला. एखाद्या कचेरीच्या खिडकीत अर्ज द्यावा आणि आतल्या माणसाने मान वर न करता, पोच न देता तो ओढून घ्यावा, तसं झालं. माझा एक जुना विद्यार्थी शेजारी बसला होता. आता इथेच विष्णुपुरीत इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मॅडम, काही आलं नाही म्हणजे पोचलं. चुकलं असतं तर बोंबललं असतं.”

माझी खात्री पटावी म्हणून त्याने आदेशात एक बारीकसं चिन्ह वाढवलं, मग उत्तराचा मथळा दिसला: २०४. वेबच्या जगात २०० म्हणजे ठीक आणि ४०४ म्हणजे सापडलं नाही, एवढं ऐकून माहीत होतं. २०४ म्हणजे काम झालं, सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या पावसाळाभर या २०४ ने मला जेवढं छळलं तेवढं कुठल्याही चुकीच्या संदेशाने छळलं नाही. ते का, हे पुढे येईलच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. विष्णुपुरीचं धरण इतकं जवळ की पावसाळ्यात दरवाजे उघडल्याचे निरोप आमच्या फोनवर भाजीवाल्याच्या हाकेइतके नेहमीचे. अठरापैकी अमुक दरवाजे उघडले, अमुक क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्यांनी सावध राहावं. विष्णुपुरी हा गोदावरीवरचा बॅरेज. नांदेड शहर त्याचं पाणी पितं, पण भर पावसात येणारं सगळं पाणी अडवून ठेवायला त्याच्यात जागा नाही. वरून पूर्णेचं पाणी आलं, येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं सोडलं गेलं आणि त्यात इथला पाऊस मिसळला, की पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. मुलांना हे सगळं फळ्यावर सांगून पोचत नाही. म्हणून गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. आत दोन छोट्या वाट्यांची तराजूसारखी रचना असते. एक वाटी भरली की झुकते, रिकामी होते, दुसरी वर येते. एक झुकणं म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. पाच झुकण्यांचा एक मिलिमीटर. बाजूचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ही झुकणी मोजतो आणि दर दहा मिनिटांनी घरातल्या रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाला आकडा देतो.

आकडे ठेवायचे कुठे? दिवसाच्या १४४ नोंदी. मी अर्थातच एक्सेल उघडलं होतं. गणपती येईपर्यंत ती फाइल उघडायला चहा होईल इतका वेळ घेऊ लागली. त्यावर विद्यार्थ्याने सुचवलं, टाइम सिरीज डेटाबेस वापरा. नाव भारदस्त, कल्पना साधी. नोंदी काळाच्या क्रमाने येत राहतात, एकदा आलेली नोंद सहसा कोणी बदलत नाही, आणि विचारायचं तेही काळाच्या हिशेबातच: काल किती, गेल्या आठवड्यात किती, कोणत्या तासात जास्त. अशा नोंदी फार थोड्या जागेत मावतात. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ साली ‘गोरिला’ नावाच्या आपल्या डेटाबेसवर निबंध लिहिला, त्यात एक वेळ आणि एक आकडा मिळून लागणारे १६ बाइट त्यांनी सरासरी १.३७ बाइटवर आणल्याचं सांगितलं आहे. नोंदी ठरावीक अंतराने येत असतील तर पूर्ण वेळ पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? अंतरात फरक पडला तर तेवढाच लिहायचा. हे मला फार आवडलं. माझी आजी दुधाचा हिशेब असाच ठेवायची, रोजचं नाही, फक्त जास्त-कमी झालेल्या दिवसाचं.

आम्ही घेतला तो इन्फ्लक्सडीबी, २०१३ पासून चालत आलेला. त्याची १.८ ही जुनी पण नांदती आवृत्ती, कारण आमच्या जुन्या पायवर तीच बसली. त्याच्याशी बोलायला वेगळी खिडकी, वेगळं सॉफ्टवेअर काही लागत नाही. घरातल्या नेटवर्कवर त्याचा एक पत्ता असतो, त्यापुढे ८०८६ हा पोर्ट. पत्त्याच्या शेवटी ‘राइट’ लावून मजकूर पाठवला की तो नोंद ठेवून घेतो, ‘क्वेरी’ लावून प्रश्न पाठवला की उत्तर देतो. आम्ही ‘कर्ल’ नावाच्या आदेशाने हे दोन्ही करत होतो. (आमच्या मांडणीत पासवर्ड-बिसवर्ड काही लावलेला नव्हता, म्हणून हा पोर्ट घराबाहेर उघडायचा नाही, असा दम विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी भरला.)

नोंदीची ओळ अशी:

पाऊस,जागा=गच्ची मिमी=२.४ १७२५१५९६००

अंक इथे वाचकांसाठी देवनागरीत छापले आहेत. डेटाबेसला इंग्रजीच अंक लागतात. शब्द मात्र मराठी चालतात. सगळे इंग्रजीत लिहितात म्हणून आपणही इंग्रजीत लिहू, असा विद्यार्थ्याचा आग्रह होता. मी ऐकलं नाही, आणि डेटाबेसनेही कुरकुर केली नाही. ओळीत चार गोष्टी आहेत. कशाची नोंद ते सुरुवातीला. मग स्वल्पविराम देऊन ओळख पटवणारी खूण, म्हणजे टॅग. मग एक जागा सोडून मोजलेला आकडा, म्हणजे फील्ड. मग आणखी एक जागा सोडून वेळ. ओळीत रिकाम्या जागा दोनच असल्या पाहिजेत, तिसरी दिसली की तो बिथरतो. ‘जागा=गच्ची पूर्व’ असं लिहिलं तर ‘पूर्व’ हेच फील्ड समजून तो ४०० चा दणका देतो. तिथे उलटी तिरपी रेघ मारून जागा सुटल्याचं सांगावं लागतं. व्हॉट्सॲपवरून आदेश चिकटवला तर सरळ अवतरणचिन्हांची गोल चिन्हं झालेली असतात, तेही त्याला पचत नाही. हे दणके मला पुढे बरे वाटू लागले. निदान बोलतो तरी.

शेवटचा तो लांबलचक आकडा वेळेचा. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रिनिचची मध्यरात्र, मोजलेले सेकंद. १७२५१५९६०० म्हणजे १ सप्टेंबर २०२४, आपल्याकडे सकाळचे साडेआठ. नांदेड, परभणी, हिंगोलीला त्या दिवसांत झोडपून काढणारा पाऊस झाला होता, तो अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. पण डेटाबेसची मूळ सवय नॅनोसेकंद मोजायची. ‘आकडा सेकंदांचा आहे’ हे पत्त्यातच वेगळं लिहून सांगितलं नाही, तर तो ते एक अब्ज बहात्तर कोटी सेकंद न मानता तेवढे नॅनोसेकंद धरतो. मग सप्टेंबरचा सगळा पाऊस कुठे जातो? १ जानेवारी १९७० ला, मध्यरात्रीनंतर पावणेदोन सेकंद उलटायच्या आत. आणि वर शांतपणे २०४. आमचा बॅरेज तेव्हा नव्हता, पण त्याच्या नावाचा पाऊस तिथे पडून होता.

या नॅनोसेकंदांच्या हौसेमुळे एक गंमत हाती लागली. चौसष्ट बिटांच्या आकड्यात जितके नॅनोसेकंद मावतात तितकाच या डेटाबेसचा काळ. मागे २१ सप्टेंबर १६७७ पर्यंत, पुढे ११ एप्रिल २२६२ पर्यंत. म्हणजे याचा इतिहास सुरू होतो तेव्हा शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आहेत. गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले, १७०८ मध्ये इथेच ज्योतीज्योत समावले, ते वर्ष यात बसतं. कंधारच्या राष्ट्रकूटांची मात्र नोंद करता येणार नाही. करायला गेलात तर हा सांगतो, ही वेळ माझ्या कक्षेबाहेरची आहे. भूगोलाच्या शिक्षिकेला इतिहासाचा तास घ्यायला एवढं पुरलं, वर्गात मी ते सांगून टाकलं.

आता विचारायची पाळी. इथे तर मी पारच गोंधळले. प्रश्न पत्त्यातूनच पाठवायचा. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत मराठी शब्द टाकला आणि ती ओळ मैत्रिणीला पाठवायला म्हणून उचलली, तर ‘पाऊस’च्या जागी टक्क्याची चिन्हं आणि अक्षरं मिळून छत्तीस खुणा. पत्त्यात मराठी अक्षर थेट जात नाही, प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटच्या तीन खुणा. कर्लला हे रूपांतर करायला सांगता येतं, मग आपण मराठीत लिहायचं आणि त्याने काय ते बघून घ्यायचं.

प्रश्नाची भाषा एसक्यूएल या डेटाबेसच्या नेहमीच्या भाषेसारखी, त्यामुळे जरा धीर आला. गच्चीवरचा पाऊस दाखव, एवढंच विचारलं. उत्तर आलं २००, म्हणजे ठीक. आत बघितलं तर कंस, चौकट, कंस, शून्य आणि पुन्हा मिटलेले कंस. म्हणजे निकाल आहे, निकालात काही नाही. पाऊस तर होता! विद्यार्थी परीक्षेत अडकलेला, त्याला त्रास द्यायचा नाही म्हणून मी एकेक चिन्ह बदलत बसले. सापडलं ते असं. या भाषेत नावाला दुहेरी अवतरण लागतं आणि मजकुराला एकेरी. ‘जागा’ हे नाव, ते दुहेरीत. ‘गच्ची’ हा मजकूर, तो एकेरीत. मी दोन्ही दुहेरीत टाकले, तर त्याने ‘गच्ची’ हे दुसऱ्या कुठल्या तरी रकान्याचं नाव समजलं, तसा रकाना नाही म्हणून काही जुळलं नाही, आणि काही जुळलं नाही ही त्याच्या लेखी चूक नव्हे. हे तर्काने मी मान्य करते. मनाने अजून केलेलं नाही.

खरी गाठ पडली ती दिवसाशी.

रोजचा पाऊस हवा होता. म्हणजे बेरीज घे आणि एकेका दिवसाचे गट कर, ‘ग्रुप बाय टाइम’, कंसात एक दिवस. उत्तर आलं, आकडे बरे दिसले. विद्यार्थ्याने ग्राफाना या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे उभे खांब काढून दिले. ग्राफाना वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे दाखवतं, त्यामुळे सोय झाली असं वाटलं. मग लक्षात आलं की प्रत्येक खांब पहाटे साडेपाचला उभा आहे. मध्यरात्री नाही, सकाळी नाही, साडेपाच! ८२ अंश ३० मिनिटांचं रेखावृत्त, एका अंशाला चार मिनिटं, म्हणून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हे मी दर वर्षी फळ्यावर काढते, त्यावर प्रश्न विचारते, न आलेल्यांचे गुण कापते. डेटाबेसचा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्री उजाडतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, हे समोर खांब उभे राहिल्यावर कळलं.

त्याच सुमारास शेजारचे काका आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, असर्जन शिवारात थोडी शेती. सायमन्सचा पर्जन्यमापक त्यांनी उमेदीची वर्षं वाचला आहे, तो पाच इंची तोंडाचा, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतून वाचायचा. पडद्याकडे बघत म्हणाले, “काय मोजायलाव मॅडम?”

मी सांगितलं, रोजचा पाऊस.

“पण रोजचा म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? पाऊस साडेआठला मोजतेत.”

सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस तो, पेपरात ‘गेल्या चोवीस तासांत’ म्हणून येतं ते हेच. काकांना त्याचं कारण विचारलं तर म्हणाले, साहेबांची वेळ असंल. मी हिशेब मांडला. साडेआठमधून साडेपाच वजा केले की उरतात बरोबर तीन. ग्रिनिचचे तीन! जगभरची वेधशाळा-केंद्रं ग्रिनिचच्या वेळेने दर तीन तासांनी एकाच क्षणी निरीक्षण घेतात, शून्य, तीन, सहा, नऊ असं. त्यातली तीनची वेळ आपल्याकडे साडेआठला येते. म्हणजे तालुक्याच्या गावी छत्री धरून मोजपात्र डोळ्यांसमोर धरणारा माणूस आयुष्यभर ग्रिनिचच्याच घड्याळाने पाऊस मोजत आला आहे. ज्या घड्याळाला मी दुपारभर नावं ठेवत होते, ते काकांच्या वहीत आधीपासून होतं.

आणि त्यामुळे उपायही सोपा निघाला. दिवसाच्या गटाची सुरुवात पुढे सरकवायची सोय आहे, ऑफसेट. कंसात एक दिवस, स्वल्पविराम, तीन तास. एवढ्याने खांब साडेपाचवरून उठून साडेआठवर उभे राहिले.

हे केवळ नीटनेटकेपणासाठी नव्हतं. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात. पंचनामा, नुकसानभरपाई, सगळ्याचं बोलणं त्या आकड्याभोवती फिरतं. समजा पहाटे तीनला पाऊस सुरू झाला, साडेपाचपर्यंत ४० मिलिमीटर पडला आणि सातपर्यंत आणखी ३८. डेटाबेसच्या साडेपाचच्या दिवसाने मोजलं तर दोन तारखांना चाळीस आणि अडतीस, अतिवृष्टी कुठेच नाही. साडेआठच्या दिवसाने मोजलं तर एकाच तारखेला ७८. तोच पाऊस, तेच सोयाबीन पाण्याखाली. अर्थात साडेआठची रेषाही कुठल्या तरी पावसाच्या मधोमध पडणारच, आठला सुरू झालेला पाऊस ती तोडणारच. पण ती सगळ्यांची ठरलेली रेषा आहे. माझ्या गच्चीवरच्या आकड्याला कचेरीत कोणी विचारणार नाही, तिथे मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा चालतो, आणि तेच बरोबर आहे. पण त्याच्याशी ताडून बघायचं तर दिवस तरी एकच हवा.

ताडून बघितलं, तर माझे सगळे आकडे एक दिवस मागे! पेपरात १ सप्टेंबरच्या नावाने जो पाऊस, तो माझ्याकडे ३१ ऑगस्टसमोर. पुन्हा काकाच. त्यांच्या वहीत साडेआठला मोजलेला पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात, म्हणजे चोवीस तास संपतात त्या तारखेला. डेटाबेस गटाला सुरुवातीची वेळ चिकटवतो. दोघांचंही खरं. ऐकून करमणूक होईल, की याच डेटाबेसच्या पुढच्या आवृत्तीत फ्लक्स नावाची दुसरी भाषा मुख्य झाली, तिच्यात गटाला आपोआप शेवटची वेळ लागते. म्हणजे त्यांच्या घरातसुद्धा एकमत नाही.

काकांच्या शेतात दुसरा पर्जन्यमापक लावायचं ठरलं, ते या सगळ्या चर्चेतून. तिथे नेट नाही, म्हणून बोर्ड कार्डावर नोंदी लिहून ठेवणार आणि महिन्याने ते कार्ड मी आणून चढवणार. महिन्याच्या ४,३२० ओळी, एका दमात जातात. फाइल पाठवताना कर्लच्या साध्या पर्यायाने ओळी संपल्याच्या खुणा गिळून टाकल्या आणि चार हजार ओळींची एकच अजस्र ओळ करून डेटाबेसपुढे ठेवली. त्यावर जो संदेश आला तो वाचायला पडदा सरकवत बसावं लागलं. ‘बायनरी’ नावाचा पर्याय दिला की ओळी शाबूत राहतात.

ते जमलं, २०४ आला. पण फाइलीत टॅग नव्हता. फक्त पाऊस, मिमी आणि वेळ. आणि त्याच महिन्यातल्या काही दिवसांच्या गच्चीवरच्या नोंदीही आम्ही अशाच, टॅगशिवाय चढवलेल्या होत्या. नाव तेच, टॅग तेच (म्हणजे काहीच नाही) आणि वेळ तीच असली, तर डेटाबेसच्या लेखी ती एकच नोंद. नवा आकडा जुन्याच्या जागी बसतो. इशारा नाही, विचारणं नाही. त्या दिवसांचा गच्चीवरचा पाऊस असर्जनच्या पावसाखाली कायमचा गाडला गेला. गच्चीवर वाहून जाणारा पाऊस पडला आणि पडद्यावर भुरभुर, तेव्हा मी पर्जन्यमापकाच्या वाट्या धुऊन बघितल्या, झाकण काढून कोळ्याचं जाळं शोधलं. तोपर्यंत टॅग ही मला शोभेची वस्तू वाटत होती.

याच गुणाचा दुसरा प्रताप विजेचा. इथे पाऊस जोरात आला की लाइट जाते, हे सांगायला डेटाबेस नको. रास्पबेरी पायच्या पोटात घड्याळाला बॅटरी नसते. लाइट गेली की तो झोपतो, आली की शेवटची जपून ठेवलेली वेळ घेऊन उठतो. ती वेळ अर्ध्या-पाऊण तासापूर्वीचीही असू शकते. मग नेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. पण लाइट आली तरी नेट यायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात त्याला वाटतं अजून साडेचारच वाजलेत. बोर्डाला स्वतःची बॅटरी होती, तो इमाने आकडे देत राहिला. आणि पायने ते साडेचार, चार चाळीस, चार पन्नास अशा वेळा लावून ठेवले. त्या वेळांच्या नोंदी आधीच होत्या, लाइट जाण्यापूर्वीच्या, ऐन धो-धो पावसाच्या. त्यांच्यावर नंतरची रिमझिम लिहिली गेली. प्रत्येक वेळी २०४. शेतातल्या बोर्डाला नेट नव्हतं म्हणून तिथे नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ बसवलं होतं, त्यामुळे माळरानावर एकटं उभं असलेलं ते यंत्र वेळेला पक्कं, आणि वायफायच्या मांडीवर बसलेलं घरचं यंत्र गाफील. तसंच घड्याळ आता पायलाही लावलं आहे.

यातून एक प्रश्न राहिला होता. लाइट नसलेल्या तासांत पाऊस किती? डेटाबेस त्या गटासमोर काहीच दाखवत नाही, रिकामं. आलेख तुटका दिसतो म्हणून विद्यार्थ्याने रिकाम्या जागी शून्य भरायची सोय लावून दिली, ‘फिल’, कंसात शून्य. आलेख सुरेख झाला. काकांना मात्र ते अजिबात रुचलं नाही. “पाऊस नाही हे वेगळं आन् वाचन नाही हे वेगळं,” म्हणाले. त्यांच्या वहीत कोरड्या दिवशी शून्य लिहायचे, आणि माणूस रजेवर असेल तर आडवी रेघ. रेघेच्या दिवसाचा पाऊस दुसऱ्या दिवशीच्या बाटलीत सापडायचा, मग शेऱ्यात तसं लिहायचे. मी ‘फिल’ काढून टाकलं. बोर्ड कोरड्या दहा मिनिटांनाही शून्य पाठवतोच, त्यामुळे रिकामं दिसलं तर ते यंत्राचं, आभाळाचं नव्हे. आलेख तुटका आहे. राहू दे.

आता काकांनी वह्या आणून दिल्या आहेत. जुन्या, रोजचा एक आकडा, काही पानांना वाळवीने कडा कुरतडलेल्या. त्या चढवायला बसले तर पुन्हा तोच दिवस आडवा आला. साडेआठचं वाचन साडेआठच्या वेळेने लिहावं, यात शंका कशाची? पण गटाच्या सुरुवातीचा क्षण गटात धरतात, शेवटचा धरत नाहीत. त्यामुळे बरोबर साडेआठला लावलेली नोंद, जिच्यात आदल्या चोवीस तासांचा पाऊस आहे, ती नेमकी पुढच्या चोवीस तासांत जाऊन पडते. मग लक्षात आलं की गच्चीवरच्या नोंदीतही हेच चाललंय: आठ वीस ते साडेआठ या दहा मिनिटांचा पाऊस साडेआठची वेळ लावून येतो आणि नव्या दिवसाच्या खात्यावर जमा होतो. विद्यार्थ्याने पायवरच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली, आता नोंदीला दहा मिनिटांची सुरुवातीची वेळ लागते. वहीतल्या आकड्यांना मी आठ एकोणतीस लावते आहे.

काकांना ते दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, “आठ एकोणतीसला कोण जात होतं मोजायला? साडेआठलाबी कधी कधी पावणेनऊ व्हायचे.”

दिवाळीच्या सुट्टीत निम्म्या वह्या संपतील असा अंदाज आहे. शेऱ्याच्या रकान्यासाठी वेगळं फील्ड ठेवलं आहे. त्यातला मजकूर दुहेरी अवतरणात द्यावा लागतो. हो, लिहिताना मजकुराला दुहेरी, विचारताना एकेरी.